मैदान सुटल्यावर: फुटबॉलपटू प्रशिक्षक कसा होतो आणि विश्लेषक कसा होतो

2 डिसेंबर 2015 रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया या जुन्या, नामांकित क्लबने नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून गॅरी नेव्हिल यांचे नाव जाहीर केले, तेव्हा इंग्लंडमधील फुटबॉलप्रेमींना आश्चर्याबरोबर थोडी गंमतही वाटली. नेव्हिल हे मँचेस्टर युनायटेडचे माजी उजवे बचावपटू. अख्ख्या कारकिर्दीत दुसऱ्या कोणत्याही क्लबची जर्सी त्यांनी अंगावर चढवली नव्हती. 2011 च्या फेब्रुवारीत निवृत्त झाल्यावर ते स्काय स्पोर्ट्स वाहिनीवर विश्लेषक झाले आणि खेळ उलगडून सांगणारा सर्वांत जाणता माणूस अशी त्यांची ख्याती अल्पावधीत झाली. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून ते 2012 पासून काम करत होते खरे, पण एखादा क्लब स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी एक दिवसही चालवलेला नव्हता. चार महिने पुरे होण्याआधी, 30 मार्च 2016 रोजी, व्हॅलेन्सियाने त्यांना नारळ दिला. एकूण 28 सामन्यांपैकी 10 जिंकले होते. त्यातही स्पॅनिश लीगच्या 16 सामन्यांत विजय फक्त 3. पुढे ते पुन्हा स्कायच्या स्टुडिओत येऊन बसले आणि त्यांच्या विश्लेषणाची धार पूर्वीइतकीच राहिली.

दर सोमवारी रात्री स्कायच्या कार्यक्रमात ज्याला सामन्याची वीण उसवून दाखवता येते, त्याला तो सामना जिंकता का येऊ नये, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी उपहासाने विचारला. तो गंभीरपणे विचारण्यासारखा आहे, कारण निवृत्त फुटबॉलपटूंसमोर आज जे दोन मोठे रस्ते आहेत, म्हणजे प्रशिक्षण आणि प्रसारण, त्या दोहोंबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज त्यात दडलेला आहे. फुटबॉल खेळणे, दुसऱ्यांकडून तो खेळवून घेणे आणि झालेल्या खेळाबद्दल बोलणे हे तीन स्वतंत्र व्यवसाय आहेत. पहिल्यात नाव कमावले की दुसऱ्या दोहोंची दारे उघडतात, हे खरे. पण दार उघडणे आणि आत टिकणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कशाचे हे समजून घेतले की या साऱ्या कारकिर्दींचे चढउतार बरेचसे समजतात.

मुळात हा प्रश्न पडतो तो फुटबॉलपटूच्या आयुष्याच्या रचनेमुळे. वकील, शिक्षक किंवा गवंडी पस्तिशीला आपापल्या कामात नुकता मुरू लागलेला असतो; फुटबॉलपटू त्याच वयात संपलेला असतो. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून ज्याने एकच गोष्ट केली, ज्याचे शिक्षण बहुधा त्या एका गोष्टीपायी मागे पडले, त्याच्यापुढे निवृत्तीनंतर तीस-पस्तीस वर्षांचे कमावते आयुष्य पडलेले असते. आजच्या प्रीमियर लीगमधील ताऱ्याला पैशाची ददात नसते, म्हणून हा प्रश्न आपल्याला नीट दिसत नाही. पण इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत व्यावसायिक खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती आणि शेवटी शेवटी ती आठवड्याला 20 पौंड होती. त्या काळचे खेळाडू निवृत्त झाल्यावर पब चालवत, नाहीतर खेळाच्या सामानाचे किंवा वर्तमानपत्रांचे दुकान टाकत. खालच्या श्रेणीतून निवृत्त होणाऱ्या शेकडो खेळाडूंची चिंता आजही फार वेगळी नाही. टीव्हीवर दिसणारे चेहरे हे त्या समूहाचे अगदी वरचे टोक आहे, ही गोष्ट पुढचे सारे वाचताना ध्यानात ठेवावी.

ती वेतनमर्यादा उठवण्याच्या लढ्याचे नेतृत्व ज्याने केले, तोच या लेखाच्या विषयाचा आद्यपुरुष म्हणावा लागेल. जिमी हिल हे फुलहॅमचे खेळाडू आणि खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. 1961 मध्ये मर्यादा गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते कॉव्हेंट्री सिटीचे व्यवस्थापक झाले. इंग्लंडमध्ये त्या काळी हा माणूस सरावापासून खेळाडूंच्या खरेदी-विक्रीपर्यंत सर्व पाहत असे. सहा वर्षांच्या आत त्यांनी तिसऱ्या श्रेणीतल्या त्या क्लबला पहिल्या श्रेणीत नेऊन बसवले, आणि 1967 मध्ये, आता खरी कसोटी लागणार अशा वेळी, खुर्ची सोडून टीव्हीकडे वळले. लंडन वीकेंड टेलिव्हिजनचे क्रीडाप्रमुख असताना 1970 च्या विश्वचषकासाठी चार बोलक्या फुटबॉलवाल्यांना स्टुडिओत एकत्र बसवून आपसात वाद घालायला लावण्याचा प्रकार आयटीव्हीवर गाजला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. आज जगभर सामन्याआधी, मध्यंतरात आणि सामन्यानंतर जी मंडळी काचेच्या टेबलाभोवती बसतात, त्यांची परंपरा तिथून सुरू होते. पुढे ते बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या सामन्यांची क्षणचित्रे दाखवणाऱ्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक झाले. हा गृहस्थ पंचाचीही पात्रता बाळगून होता, आणि 1972 मध्ये आर्सेनल-लिव्हरपूल सामन्यात रेषेवरचा पंच जखमी झाल्यावर प्रेक्षकांतून उतरून त्याने खरोखरच निशाण हाती घेतले होते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

प्रसारणातले काम बाहेरून एकच दिसत असले तरी त्यात निदान तीन वेगळ्या भूमिका आहेत. सूत्रसंचालकाने कार्यक्रम चालवायचा असतो. कानात निर्मात्याचा आवाज सतत चालू असताना समोरच्याला प्रश्न विचारायचा, वेळ सांभाळायची आणि स्वतःचे मत शक्यतो आवरायचे. ही भूमिका बहुधा पत्रकारांकडे जाते. माजी खेळाडूंनी ती पेलल्याची उदाहरणे मोजकी आहेत, आणि त्यांतले सर्वांत ठळक गॅरी लिनेकर. 1986 च्या विश्वचषकात 6 गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा हा आघाडीपटू जपानमधील नागोया ग्राम्पसकडून खेळून 1994 मध्ये निवृत्त झाला, प्रशिक्षणाच्या वाटेला गेलाच नाही, आणि 1999 पासून 2025 पर्यंत ‘मॅच ऑफ द डे’ चालवत राहिला. बीबीसीवरील सर्वाधिक मानधन घेणारा सूत्रसंचालक म्हणून त्याचे नाव वर्षानुवर्षे यादीत पहिले असे. मार्च 2023 मध्ये सरकारी धोरणावर समाजमाध्यमात टीका केल्यामुळे बीबीसीने त्याला बाजूला केले, तेव्हा सहकारी माजी खेळाडूंनीही काम करायला नकार दिला आणि तो कार्यक्रम निवेदक व विश्लेषकांविना, जेमतेम वीस मिनिटांचा असा दाखवावा लागला. माजी फुटबॉलपटू वाहिनीचा नुसता पाहुणा उरलेला नाही, हे त्या शनिवारी उघड झाले.

दुसरी भूमिका सहसमालोचकाची. चेंडू खेळात असतो तोवर मुख्य समालोचक बोलतो; चेंडू बाहेर गेला, कुणी जखमी झाला किंवा गोल पुन्हा दाखवू लागले की माजी खेळाडूला बोलायची संधी मिळते. ती काही सेकंदांची असते. तेवढ्यात गोल कोणी केला हे सांगून उपयोग नाही, कारण ते प्रेक्षकाने पाहिलेले असते. बचावपटू कुठे असायला हवा होता आणि तो तिथे का नव्हता, हे सांगायचे असते. पुन्हा चेंडू खेळात आला की वाक्य अर्धे असले तरी थांबावे लागते. ही शिस्त मोठमोठ्या खेळाडूंना वर्षानुवर्षे जमत नाही.

तिसरी भूमिका स्टुडिओतील विश्लेषकाची, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरा बदल झाला तो इथे. पूर्वी ही मंडळी ‘बचाव ढिसाळ होता’, ‘जिद्द कमी पडली’ अशी प्रमाणपत्रे वाटत असत. लिव्हरपूलचे माजी बचावपटू ॲलन हॅन्सन यांनी 1992 पासून दोन दशकांहून अधिक काळ बीबीसीवर बचावाच्या चुका बोट ठेवून दाखवल्या आणि विश्लेषणाला काही एक दर्जा आणला. तरी त्यांची आठवण निघते ती ऑगस्ट 1995 मधील एका वाक्यासाठी. मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून 3-1 हरल्यावर, पोरांना घेऊन काहीही जिंकता येत नाही, असे ते म्हणाले. त्याच पोरांनी त्या हंगामात लीग आणि एफए कप हे दोन्ही जिंकले. त्यांत वीस वर्षांचा गॅरी नेव्हिलही होता. हॅन्सन यांच्या नोकरीला या चुकीने धक्काही लागला नाही. उलट त्या वाक्याने ते अधिकच प्रसिद्ध झाले. विश्लेषकाची चूक ही करमणूक ठरते, प्रशिक्षकाची चूक गुणतक्त्यात उतरते.

नेव्हिल आणि 2013 मध्ये त्यांना येऊन मिळालेले लिव्हरपूलचे जेमी कॅरागर यांनी सोमवारच्या कार्यक्रमात जे सुरू केले, त्याची जातकुळी वेगळी होती. सामन्याच्या आधी भरपूर वेळ राखून ठेवलेला, समोर भिंतीएवढा स्पर्शपडदा, आणि त्यावर थांबवलेले एकच चित्र. उजव्या बचावपटूभोवती वर्तुळ काढायचे, त्याची नजर चेंडूवर आहे हे दाखवायचे, मागून धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे बाण काढायचा, मग चित्र दोन सेकंद पुढे सरकवायचे आणि मधली मोकळी जागा किती फुगली ते दाखवायचे. हे पाहताना प्रेक्षकाला आपण सामना प्रथमच पाहत आहोत असे वाटते. या कामामागे निर्मिती विभागातील माणसांची मोठी मेहनत असते. कित्येक सामन्यांतली नेमकी दृश्ये हुडकून, कापून, क्रमाने लावून ठेवावी लागतात. तरी त्यातला प्राण माजी खेळाडूच्या ठेवणीतून येतो, कारण त्या जागी उभे राहिल्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्याने अनुभवलेले असते.

आता याच पडद्याकडे प्रशिक्षकाच्या बाजूने पाहू. विश्लेषकाला दोन सवलती मिळतात: चित्र थांबवता येते आणि निकाल आधीच ठाऊक असतो. प्रशिक्षकाला यांतली एकही मिळत नाही. त्याला निर्णय घ्यावे लागतात ते सामन्याच्या आधी, प्रतिस्पर्धी काय करील याच्या अंदाजावर, आणि ते अमलात आणायचे असतात दुसऱ्यांच्या पायांनी. पंचवीस जणांच्या ताफ्यातून अकरा निवडणे म्हणजे उरलेल्या चौदांना दर आठवड्याला नाराज करणे, आणि त्याच चौदांकडून मंगळवारच्या सरावात जीव ओतून काम करवून घेणे. कोणाच्या मांडीचा स्नायू ताणलेला आहे, कोणाचा करार संपत आला आहे, कोणाला मालकाने परस्पर विकत घेतले आहे, हे सारे त्याच्याच टेबलावर येते. शनिवारी सामना आणि बुधवारी परत सामना असेल तर मधल्या दिवसांत खरा सराव एखादाच होतो. म्हणजे नवे काही शिकवायला वेळ मिळतो तो इतकाच.

त्यात माजी थोर खेळाडूची एक खास अडचण असते. त्याचे ज्ञान बरेचसे शरीरात मुरलेले असते. डाव्या पायाने चेंडू थांबवता थांबवताच मान वळवून मागचा माणूस पाहणे त्याला कोणी पायरीपायरीने शिकवलेले नसते, किंवा शिकवले असले तरी ते तो केव्हाच विसरलेला असतो. म्हणून ज्याला ते जमत नाही त्याला काय सांगावे हे त्याला कळत नाही, आणि काही काळाने त्याचा धीर सुटतो. उलट जे फारसे खेळू शकले नाहीत त्यांना सुरुवातीपासून निरीक्षणावरच जगावे लागते. जुलियन नागेल्समान यांची कारकीर्द दुखापतीने विशीतच संपली आणि 28 व्या वर्षी ते जर्मन लीगमध्ये होफेनहाइमचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेले जोझे मोरिन्यो हे इंग्लिश प्रशिक्षक बॉबी रॉब्सन यांचे दुभाषी म्हणून पुढे आले. कधीकाळी चपलाबुटांच्या व्यवसायात असलेल्या आरिगो साक्की यांनी एसी मिलानला 1989 आणि 1990 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप मिळवून दिला. न खेळलेला माणूस प्रशिक्षक कसा, या टोमण्याला, घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावे लागते हे मला माहीत नव्हते, असे त्यांनी दिलेले उत्तर फुटबॉलच्या जगात अजूनही सांगितले जाते.

ही अडचण दूर व्हावी म्हणूनच प्रशिक्षकांसाठी परवान्याची पद्धत आहे. युरोपात यूएफा या संघटनेच्या देखरेखीखाली सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा पायऱ्या आहेत, आणि वरच्या श्रेणीतील क्लबचा कायम मुख्य प्रशिक्षक व्हायचे तर प्रो परवाना लागतो. वर्षभर किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या त्या अभ्यासक्रमात डावपेचांखेरीज सरावाचे नियोजन, माणसे हाताळणे, पत्रकारांना तोंड देणे, मालकांशी वागणे आणि दुसऱ्या क्लबांत जाऊन निरीक्षण करणे, असे बरेच काही येते. मात्र मोठ्या नावापुढे हा नियम वाकतो, हेही खरे. इटलीचे माजी खेळाडू आंद्रेआ पिर्लो यांना 2020 च्या जुलै अखेरीस युव्हेंटसने आपल्या तेवीस वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक नेमले, आणि त्या संघाचा एकही सामना होण्याआधी, जेमतेम दहा दिवसांत, मुख्य संघ त्यांच्या हाती दिला. फ्लोरेन्सजवळील कोव्हेरचानो येथील संस्थेत आपला प्रबंध सादर करून त्यांनी प्रो परवाना मिळवला तो सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमणुकीनंतर. लागोपाठ नऊ वर्षे इटालियन लीग जिंकणारा तो संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. इटालियन कप मिळाला, तरी वर्षभरातच पिर्लो यांना जावे लागले.

व्हॅलेन्सियात नेव्हिल यांचे काय झाले, हे आता जवळून पाहता येईल. क्लबचे सिंगापूरस्थित मालक पीटर लिम हे इंग्लंडमधील सॅल्फर्ड सिटी या लहान क्लबात नेव्हिल यांचे भागीदार होते, म्हणजे नेमणुकीला ओळखीचा वास पहिल्या दिवसापासून होता आणि तो प्रेक्षकांनाही येत होता. हंगाम अर्ध्यावर आलेला, संघ दुसऱ्याने बांधलेला, आणि भाषा स्पॅनिश, जी नेव्हिल यांना येत नव्हती. टीव्हीवर ज्याची सारी ताकद शब्दांत होती, त्याचे प्रत्येक वाक्य खेळाडूंपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोचू लागले. 3 फेब्रुवारी 2016 रोजी स्पॅनिश कपच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाने कॅम्प नूवर त्यांना 7-0 असे धुऊन काढले. चार गोल सुआरेझचे, तीन मेस्सीचे. लीगमधला पहिला विजय मिळायला फेब्रुवारीचा मध्य उजाडला. बचावफळी कोठे उभी राहायला हवी होती हे नेव्हिल यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? कळलेले दहा जणांच्या अंगी उतरवायला जो वेळ, जी भाषा आणि जो अधिकार लागतो, तो त्यांच्यापाशी नव्हता. त्यांच्याबद्दल मला थोडी सहानुभूती आहे, कारण हे अपयश त्यांनी उघडपणे स्वीकारले आणि पुन्हा प्रशिक्षकपदाचा हट्ट धरला नाही.

ॲलन शिअरर यांनीही तसेच केले. 2009 च्या एप्रिलमध्ये बीबीसीच्या खुर्चीवरून उठून ते आपल्या लाडक्या न्यूकॅसलला वाचवायला गेले, आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, क्लब खालच्या श्रेणीत गेला आणि शिअरर पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. फ्रान्सचे माजी आघाडीपटू थिएरी ऑन्री यांचा प्रवास अधिक वळणांचा: स्कायवर विश्लेषक, मग बेल्जियमचे सहायक प्रशिक्षक, मग मोनॅकोत मुख्य प्रशिक्षक म्हणून तीन-साडेतीन महिन्यांत गच्छंती, पुढे अमेरिकी लीगमध्ये माँट्रियल, पुन्हा टीव्ही, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या संघाला रौप्यपदक. वेन रूनी यांच्याकडे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम सिटी दुसऱ्या श्रेणीत सहाव्या स्थानावर असताना आली. 15 सामन्यांत 2 विजय मिळाल्यावर त्यांना काढले तेव्हा क्लब विसाव्या स्थानावर होता. तेही पुढे बीबीसीच्या विश्लेषकांत सामील झाले.

या येण्याजाण्यामागे एक साधा हिशेब आहे. प्रशिक्षकाची नोकरी कधीही जाऊ शकते, आणि गेली की माणूस पाहता पाहता विस्मरणात जातो. स्टुडिओत बसले की चेहरा दिसत राहतो, बोलण्यातून जाण दिसते, क्लबांचे मालकही तेच कार्यक्रम पाहत असतात. म्हणून कामाविना असलेल्या प्रशिक्षकांसाठी टीव्ही ही प्रतीक्षागृहाची जागा बनली आहे. मात्र याची एक किंमत प्रेक्षक मोजतो. ज्याला उद्या त्याच क्लबांत नोकरी हवी आहे तो मालकांवर सडकून टीका करत नाही, आणि काल ज्यांच्याबरोबर खेळला त्यांच्याबद्दल हात राखून बोलतो. रॉय कीन यांच्यासारखा एखादाच, सुंदरलँडला 2007 मध्ये वरच्या श्रेणीत नेऊन आणि नंतर इप्सविचमध्ये अपयश पाहून टीव्हीवर आलेला, कोणाची भीड बाळगत नाही. पण त्याचा तो रोखठोकपणाही आता वाहिन्यांनी विकायचा माल करून टाकला आहे. मराठी वाचकाला हे ये-जा करणे क्रिकेटमुळे परिचयाचे असेल: मुंबईचे रवी शास्त्री समालोचनाच्या खोलीतून भारतीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि 2021 मध्ये पुन्हा माइककडे परतले.

मग टिकतात कोण? स्पेनचे शाबी अलोन्सो 2017 मध्ये निवृत्त झाले तेव्हा जागतिक विजेतेपद आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची दोन विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. तरी त्यांनी सुरुवात केली ती रिअल माद्रिदच्या चौदा वर्षांखालील मुलांपासून. मग तीन वर्षे रिअल सोसिएदादचा दुय्यम संघ, आणि त्यानंतर 2022 मध्ये बायर लेव्हरकुसेन, ज्याला त्यांनी 2023-24 च्या जर्मन लीगमध्ये एकही सामना न हरता विजेते केले. मिकेल आर्तेता खेळणे थांबवून थेट पेप गार्डिओला यांचे सहायक झाले आणि तीन वर्षांहून जास्त काळ त्यांच्या हाताखाली राहून 2019 च्या डिसेंबरमध्ये आर्सेनलला गेले. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की खुद्द गार्डिओला यांनी बार्सिलोनाच्या दुय्यम संघावर एकच वर्ष काढले आणि पुढच्याच हंगामात तिन्ही मोठे चषक जिंकले. त्यामुळे किती वर्षे उमेदवारी केली म्हणजे पुरते, याचे गणित मांडता येत नाही. या तिघांत, आणि अँचेलोट्टी, देशाँ, सिमिओने यांच्यातही, एक साम्य मात्र आहे: हे सगळे मधल्या फळीत, बहुधा बचावाच्या पुढ्यात खेळत. तिथे उभ्या असलेल्या खेळाडूला दोन्हीकडचा खेळ पाहावा लागतो आणि इतरांना सतत जागा दाखवून द्याव्या लागतात. म्हणजे प्रशिक्षकाच्या कामातला एक तुकडा तो खेळतानाच करत असतो. उजव्या रेषेलगतच्या नेव्हिलना ते शक्य नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल, पण फरक आहे खरा.

गॅरेथ साउथगेट यांची कहाणी मला या साऱ्यांत सर्वांत बोलकी वाटते, कारण एकाच माणसाने दोन्ही प्रकार करून पाहिले. 2006 मध्ये मिडल्सब्रोचे कर्णधार असतानाच त्यांना थेट व्यवस्थापक करण्यात आले. आवश्यक परवाना नव्हता, म्हणून लीगची खास सवलत घ्यावी लागली. 2009 मध्ये क्लब खाली घसरला आणि थोड्याच महिन्यांत साउथगेट यांना काढण्यात आले. त्यानंतर त्यांनी आयटीव्हीवर विश्लेषक म्हणून काम केले, इंग्लिश फुटबॉल संघटनेत तरुण खेळाडू घडवण्याच्या कामात लक्ष घातले, आणि 2013 मध्ये एकवीस वर्षांखालील राष्ट्रीय संघ हाती घेतला. 2016 मध्ये ते इंग्लंडचे व्यवस्थापक झाले, तेव्हा संघातील कित्येक मुलांना ते आधीपासून ओळखत होते. 2018 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी आणि लागोपाठ दोन युरो स्पर्धांत अंतिम सामना, एवढी मजल त्यांच्या काळात इंग्लंडने मारली. मिडल्सब्रोने काढून टाकलेला साउथगेट आणि हा साउथगेट यांच्यामध्ये जी सात वर्षे आहेत, त्यांतली बरीचशी प्रेक्षकांच्या नजरेआड गेली.

ही दुसरी संधी सर्वांना सारखी मिळत नाही. मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू भरपूर असलेल्या प्रीमियर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश व्यवस्थापक यायला 2008 साल उजाडले, आणि ब्लॅकबर्नच्या त्या पॉल इन्स यांना डिसेंबर सरेपर्यंतही थांबू दिले नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर खेळण्यापासूनच अडथळा होता. 1921 मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर त्यांचे सामने बंद केले आणि ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. त्यामुळे इंग्लंडकडून 140 सामने खेळलेल्या ॲलेक्स स्कॉट 2018 च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी बीबीसीच्या विश्लेषकांत बसल्या, तेव्हा त्यांच्या अनुभवावर शंका घेणारे बरेच निघाले. केसी स्टोनी यांनी मँचेस्टर युनायटेडच्या नव्या महिला संघाला पहिल्याच हंगामात वरच्या श्रेणीत नेले, ते याच सुमारास.

भारतात 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा हाच नावाचा खेळ आपल्याकडेही खेळला गेला. मुख्य प्रशिक्षक सारे परदेशी. एफसी गोवाकडे झिको तीन हंगाम होते, मुंबई सिटीने 2015 मध्ये निकोला अनेल्काला खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी भूमिकेत उतरवले, आणि त्याच वर्षी फातोर्ड्याच्या मैदानावर यजमान गोव्याला 3-2 असे हरवून मार्को मातेराझ्झीच्या चेन्नईयिनने चषक नेला. भारतीय माजी खेळाडूंच्या वाट्याला बहुधा सहायकाची खुर्ची येई. वास्तविक त्याआधीच्या राष्ट्रीय लीगमध्ये परिस्थिती अशी नव्हती. गोव्याचे डेरिक परेरा यांनी 2005-06 मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला विजेतेपद मिळवून दिले होते, आणि साळगावकरचे माजी खेळाडू सावियो मेदेइरा यांच्याकडे 2011-12 मध्ये राष्ट्रीय संघ होता.

महिंद्राच्या त्या दिवसांतला एक खेळाडू म्हणजे कुवेतमध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेले खालिद जमील. 2009 पासून सात वर्षे त्यांनी तुटपुंज्या साधनांच्या मुंबई एफसीला लीगमध्ये तगवून ठेवले आणि 2016 मध्ये क्लबने त्यांना मोकळे केले. ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले. तो क्लब आदल्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला परत जागा मिळाली होती. 2016-17 ची आय-लीग (राष्ट्रीय लीगचे नंतरचे रूप) ऐझॉलने जिंकली आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली. पुढे 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जमील यांना कायम मुख्य प्रशिक्षक केले. सुपर लीगमध्ये हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांनी ओडिशाला सुपर कप मिळवून दिला, तोही मुख्य प्रशिक्षकाच्या जागी तात्पुरते उभे राहून. 1 ऑगस्ट 2025 रोजी जमील भारताचे प्रशिक्षक झाले, मेदेइरांनंतर पहिलेच भारतीय, आणि सव्वा महिन्यात मध्य आशियातील स्पर्धेत त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

दुसरा रस्ता मात्र आपल्याकडे अजून अरुंद आहे. समालोचनाची बहुतेक आसने क्रिकेटने व्यापलेली आहेत, आणि फुटबॉलच्या प्रसारणावर वर्षभर पोट भरेल इतके सामने भारतीय वाहिन्यांवर होत नाहीत. त्यामुळे गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या निवृत्त खेळाडूला स्टुडिओत बसून पुढच्या नोकरीची वाट पाहण्याची सोय नाही. तो एखाद्या अकादमीत किंवा शाळेत बारा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवू लागतो, जमेल तसे परवान्याचे टप्पे पार करतो, आणि मोठ्या क्लबचे बोलावणे आलेच तर तोवर त्याच्या गाठीला मुलांना शिकवण्याची काही वर्षे जमा झालेली असतात.